आयसोपॉड पुन्हा पुन्हा मरतात? पाणी फवारण्याआधी मेलेला कुठे पडलाय ते बघा

आयसोपॉड म्हणजे ओल्या पाचोळ्याखाली राहणारे, कवचाचे, पुष्कळ पायांचे छोटे जीव. ते डब्यात पाळणाऱ्यांची सगळ्यात नेहमीची तक्रार अशी असते. डबा नीट चाललेला असतो, सालीखाली पिल्लंही दिसत असतात आणि एका सकाळी दोन-चार मेलेले सापडतात. माणूस घाबरून पाणी फवारतो. आठवड्याने आणखी काही मरतात, म्हणून पुन्हा पाणी. मग कुणीतरी सांगतं की ओल फार झाली, झाकण उघडं ठेव. तसं केल्यावरही मरतात. शेवटी डबा रिकामा होतो, नवे आयसोपॉड येतात, आणि दोन-तीन महिन्यांनी तीच गोष्ट पुन्हा घडते.

नवे आणूनही तेच होत असेल तर दोष त्या प्राण्यांत शोधू नका, डब्यात शोधा. माझ्या मते बहुतेक डब्यांत एकूण पाणी पुरेसं असतं. ते चुकीच्या जागी असतं आणि हवा कोंडलेली असते. हे सोडून दुसरी कारणंही आहेत, काही फार जलद मारणारी आहेत. त्यामुळे आधी निदान, मग उपाय. मेलेला आयसोपॉड लगेच फेकून देऊ नका. तो कुठे पडलाय, कोणत्या अवस्थेत आहे, यावरून बरंच कळतं.

आधी या प्राण्याची अडचण समजून घ्या. आयसोपॉड कीटक नाहीत, खेकडा-कोळंबीच्या कुळातले आहेत. जमिनीवर राहायला आले तरी श्वासाचं काम पोटाखालच्या, मागच्या बाजूच्या पातळ पापुद्र्यांवरच चालतं. पॉर्सेलिओ किंवा आर्माडिलिडियम या गटांतला आयसोपॉड उलटा केला तर तिथे पांढरे ठिपके दिसतात, ती त्यांची श्वास घेण्याची जागा. हे पापुद्रे सुकले तर जनावर गुदमरतं, आणि पाण्यात बुडून राहिले तरी गुदमरतं. शिवाय शरीरातला टाकाऊ नायट्रोजन ते बराचसा अमोनिया वायूच्या रूपात बाहेर टाकतात. म्हणजे त्यांना ओल हवी आणि वाहती हवाही हवी. निसर्गात ते यातून सोपा मार्ग काढतात: सुकल्यासारखं वाटलं की ओल्या जागी जातात, अंग जड झालं की कोरड्यात येतात. सगळा डबा सारखाच ओला किंवा सारखाच कोरडा केला की आपण ही निवड त्यांच्याकडून काढून घेतो.

मेलेला काय सांगतो

कोरड्या बाजूला किंवा झाकणाजवळ हलका, कुरकुरीत, सुकलेला सापडला, तर पाणी कमी पडलं. बाकीचे सगळे ओल्या कोपऱ्यात एकमेकांवर दाटीने बसलेले असतील तर शंकाच नको.

याउलट जिवंत असलेले भिंतीवर, झाकणाखाली, सालीच्या टोकावर चढून बसलेत, दिवसाउजेडीही खाली जायला तयार नाहीत, आणि मेलेले काळपट, मऊ, चिकट झालेत, तर खाली माती कुजतेय. डबा पारदर्शक असेल तर बाजूने बघा, तळाला काळा पट्टा दिसेल. नाक लावून बघा. चांगल्या डब्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. सडक्या अंड्यासारखा किंवा डोळ्यांना झोंबणारा वास आला तर तो डबा आजच बदलायचा.

अर्धी कात टाकलेला मेला असेल तर प्रकरण थोडं वेगळं, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो. नुसतं पोकळ कवच सापडलं आणि आतलं सगळं खाल्लेलं असेल तर घाई करू नका. मेलेल्याला बाकीचे खातातच, त्यामुळे खाणं हे मरणाचं कारण असेलच असं नाही. मात्र कात टाकून मऊ पडलेल्या जिवंत जनावराला बाकीचे कुरतडताना दिसले, तर प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडतंय.

आणि एका रात्रीत लहान-मोठे सगळेच उताणे, पाय थरथरतायत, सोबत ठेवलेले स्प्रिंगटेलही (बुरशी खाणारे, उड्या मारणारे इवले जीव) गायब, असं दिसलं तर ते विष आहे. ओलाव्याच्या चुकीने सगळ्या वयाचे एकदम असे कोसळत नाहीत.

पाणी द्यायचं कसं

फवारा हे डबा भिजवण्याचं साधन नाही. फवाऱ्याने पानांचा वरचा थर चमकतो, झाकणावर थेंब जमतात, आपल्याला वाटतं छान ओलं झालं. दुपारपर्यंत वरचं सुकतं आणि खाली, जिथे जनावरं राहतात, तिथे पाणी पोचलेलंच नसतं. रोज फवारणाऱ्यांचे डबे वरून ओले आणि आतून कोरडे निघतात ते यामुळेच.

डब्याचा साधारण एक तृतीयांश भाग ओला ठरवा. त्या बाजूला स्फॅग्नम मॉस ठेवा (ऑर्किडसाठी रोपवाटिकेत मिळतं ते चालतं) आणि पाणी त्याच बाजूने, कडेकडेने, थेट मातीत ओता. माती किमान ५ ते ८ सेंटीमीटर खोल हवी, म्हणजे खालची ओल हळूहळू मधल्या भागापर्यंत सरकते आणि दुसरं टोक कोरडं राहतं. साल आणि पानं दोन्ही बाजूंना ठेवा. लपायची जागा फक्त ओल्या बाजूला असेल तर कोरडी बाजू असूनही जनावरं तिकडे जाणार नाहीत. ओल्या बाजूची मूठभर माती घट्ट दाबून बघा. गोळा व्हावा आणि फार तर एखाद-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त झालं.

नळाचं पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून वापरा, म्हणजे त्यातलं क्लोरीन बरंचसं उडून जातं.

हवेसाठी भोकं समोरासमोरच्या दोन भिंतींवर हवीत. नुसती झाकणावर असली तर ओल वरून निघून जाते आणि तळाची हवा तशीच राहते. भोकांवर स्टीलची बारीक जाळी लावा. नायलॉनची जाळी आयसोपॉड कुरतडतात.

यातला सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी लोक करतात तो उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. डबा अगदी मनासारखा जमलेला असेल त्या दिवशी झाकणासकट वजन करा आणि डब्यावर मार्करने लिहून ठेवा. पुढे दर आठवड्याला वजन करा. जितके ग्रॅम कमी, तितकं मिलिलीटर पाणी उडालं, तितकंच ओल्या बाजूला घाला. पानं-साल नवी टाकलीत की आकडा नव्याने लिहा. स्वस्त आर्द्रतामापकापेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे, कारण तो मापक झाकणाजवळच्या हवेचा आकडा दाखवतो आणि जनावरं सालीखाली मातीत असतात. कोणत्या महिन्यात पाणी किती लागतं हेही वजनाच्या नोंदीवरून आपोआप कळत जातं.

महाराष्ट्राचं हवामान आणि परदेशी सल्ले

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले युरोप-अमेरिकेतल्या थंड, हीटर लावलेल्या खोल्यांसाठी लिहिलेले असतात. "हीट मॅट लावा" हा सल्ला विदर्भात कुणी मे महिन्यात पाळला तर काय होईल, वेगळं सांगायला नको. बहुतेक जातींना २० ते २८ अंश मानवतं. ३२ च्या वर दीर्घकाळ गेलं की पिल्लं कमी होतात, कात अडकते, मोठे मरू लागतात.

पुण्यात आणि मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की आर्द्रता २५ टक्क्यांच्याही खाली येते. डबा आठवड्याला आधीच्या दुप्पट पाणी सहज मागतो. या दिवसांत निम्मी भोकं चिकटपट्टीने बंद केली तर चालतं. डबा जमिनीवर, आतल्या भिंतीला टेकवून, माठाशेजारी ठेवा. फ्रिजच्या वर कधीही नको, तिथे गरम हवा येते. पारा फारच चढला तर थर्माकोलच्या खोक्यात डबा ठेवून शेजारी फडक्यात गुंडाळलेली गोठवलेल्या पाण्याची बाटली ठेवा. बाटली डब्याच्या आत नको. एसीच्या खोलीत तापमान बरं राहतं, पण एसी हवा कोरडी करतो, तेव्हा वजनाकडे लक्ष असू द्या.

मुंबई-कोकणात जुलैमध्ये नेमकं उलटं. हवाच इतकी ओली की डब्यातलं पाणी उडत नाही. सवयीने आठवड्याला पाणी घालणाऱ्यांचे डबे याच महिन्यांत सडतात. वजन कमी होत नसेल तर पाणी घालूच नका. सगळी भोकं उघडी ठेवा, कोरड्या बाजूला वाळलेल्या पानांचा जाड थर द्या, आणि ताजं खाणं एका रात्रीपेक्षा जास्त ठेवू नका. पांढरे सावकाश चालणारे माइट (कोळ्यांच्या कुळातले बारीक जीव) खाण्यावर गर्दी करतात तेही बहुधा याच काळात. त्यांच्यावर औषध मारायचं नसतं. खाणं काढून घ्यायचं, डबा थोडा कोरडा करायचा, स्प्रिंगटेल वाढू द्यायचे.

जातीची निवडही इथेच येते. पॉर्सेलिओनायडीस प्रुइनोसस (पावडर ब्लू, पावडर ऑरेंज या नावांनी विकतात), क्युबॅरिस म्युरिना आणि बुटके पांढरे ट्रायकोऱ्हिना आपल्याकडच्या उष्म्यात बरे टिकतात. पॉर्सेलिओ स्केबर थंड युरोपातला, त्याला उन्हाळा जड जातो. स्पेनमधले मोठे पॉर्सेलिओ मागतात भरपूर हवा आणि मोठी कोरडी बाजू. थायलंडच्या चुनखडीच्या भागातून आलेल्या 'रबर डकी' या नावाने विकल्या जाणाऱ्या आणि तशा इतर क्युबॅरिसना ओल आणि चुनखडी दोन्ही जास्त लागतात. या दोघांना एकाच पद्धतीने ठेवणाऱ्याच्या एका तरी डब्यात मरणं चालूच राहतं. पहिल्यांदा पाळत असाल तर महागड्या क्युबॅरिसच्या मागे लागू नका, पावडर ब्लूपासून सुरुवात करा.

कात अडकणं

आयसोपॉड कात दोन टप्प्यांत टाकतात. आधी मागचं अर्धं अंग, मग एक-दोन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, पुढचं अर्धं. मधल्या काळात जनावर दोन रंगांचं दिसतं, मागचा भाग फिकट आणि जरा फुगीर. ते आजारी नसतं. त्याला उचलू नका, हलवू नका, वेगळ्या डब्यात "उपचाराला" नेऊ नका. कात टाकण्याआधी ते अंगातलं कॅल्शियम छातीखाली साठवतं आणि तिथे पांढरे चट्टे दिसतात. नंतर टाकलेली कातही खाऊन टाकतं, म्हणून ती काढून डबा साफ करण्याचा उत्साह आवरा.

अर्धवट कातीत मेलेले वारंवार सापडत असतील तर तीन गोष्टी तपासा. पहिली ओली बाजू, ती खरोखर आतपर्यंत ओली आहे का. दुसरी कॅल्शियम: समुद्रफेसाचा (कटलफिशच्या अंगातल्या पांढऱ्या हाडाचा) तुकडा कायम डब्यात असावा. किनाऱ्यावरून वेचून आणला असेल तर दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून मीठ काढा. अंड्याच्या कवचाची पूडही चालते. खायचा चुना मात्र वापरू नका, तो दाहक असतो. तिसरी प्रथिनं: आठवड्यातून एकदा चिमूटभर माशांचं खाणं किंवा सुका जवळा. जवळा आधी धुऊन खारटपणा घालवा. प्रथिनं कमी पडली की कात टाकणाऱ्याच्या मऊ अंगावर बाकीचे तुटून पडतात. मुख्य अन्न मात्र वाळलेली पानं आणि कुजकं लाकूड हेच. काकडी-गाजर हा वरखर्च आहे, त्याने पोट भरायला लावू नका.

घरातलं विष

परदेशी लेखांत याबद्दल फार कमी वाचायला मिळतं आणि आपल्याकडे यानेच अख्ख्या वसाहती जातात. डासांची कॉइल, प्लगला लावायचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू, या सगळ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गाचं कीटकनाशक असतं. ते माणसाला सौम्य, पण कवचधारी प्राण्यांना कीटकांइतकंच घातक आहे. डबा असलेल्या खोलीत यांपैकी काहीही नको. मुंग्या येतात म्हणून डब्याभोवती खडूची रेघ ओढणं तर अजिबात नको. त्यापेक्षा जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे तसं करा: रुंद ताटात पाणी, मधे वीट, विटेवर डबा. पाणी दर चार-पाच दिवसांनी बदला, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतील. दिवाळीआधी घराला पेस्ट कंट्रोल करणार असाल किंवा सोसायटीत धुराची फवारणी असेल, तर डबे काही दिवस दुसऱ्या घरी हलवा.

पानांतूनही विष येतं. आंब्याची पानं उत्तम, पण व्यापारी बागेतली नकोत. मोहोराच्या वेळी तुडतुड्यांसाठी तिथे फवारण्या होतात. फवारणी न होणाऱ्या परसातली किंवा रस्त्यापासून दूरच्या झाडाची आंबा, जांभूळ, फणस, देशी बदाम यांची आपोआप गळलेली, तपकिरी पानं घ्या. ती उकळत्या पाण्यात घालून, मग उन्हात वाळवून वापरली की गोम, कोळी, मुंग्या आत येत नाहीत. अभयारण्यातून मात्र पाचोळाही उचलू नये.

कडुनिंबाचं पान धान्यात घालायची सवय असल्याने काही जण ते इथेही घालतात. ते टाळा. निंबातलं अझाडिराक्टिन कीटकांच्या कात टाकण्याच्या संप्रेरकात बिघाड करतं, आणि आयसोपॉडांची कातही त्याच जातीच्या संप्रेरकावर चालते. रोपवाटिकेतल्या तयार मातीत निंबोळी पेंड, रासायनिक खत किंवा दोन्ही असतात. पिशवीवर लिहिलेलं असेलच असं नाही, तेव्हा विक्रेत्याला स्पष्ट विचारा. निलगिरीची पानंही नकोत.

कोकोपीट थेट वापरू नका. किनारी भागात नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवून काथ्या काढतात, त्यामुळे त्या भुशात मीठ असू शकतं. दोन-तीनदा भरपूर पाण्यात भिजवून पिळून घ्या. आणि नुसतं कोकोपीट हे अन्न नाही. त्यात निम्मं तरी पानांचं खत आणि कुजलेलं लाकूड हवं.

विषाची शंका आली तर वाट बघू नका. जिवंत आहेत तेवढे मऊ ब्रशने उचलून स्वच्छ डब्यात, नव्या मातीवर ठेवा. जुनी माती, पानं, साल काहीही सोबत नेऊ नका.

जे मरणं थांबवता येत नाही

कधीकधी काहीच चुकलेलं नसतं. पावडर ब्लूचं आयुष्य साधारण वर्षभराचं, आर्माडिलिडियम वल्गेअर दोन-तीन वर्षं जगतात. विकत घेताना सगळे मोठेच मिळाले असतील तर ते एकमेकांच्या मागोमाग जातील. अशा वेळी साल उलटून, समुद्रफेसाच्या खालच्या बाजूला बघा. दीड-दोन मिलिमीटरची पांढुरकी पिल्लं असतील तर वसाहत ठीक आहे. नव्या पिल्लांना पायांच्या सहाच जोड्या असतात, सातवी कात टाकल्यावर येते, तेव्हा पाय कमी दिसले म्हणून व्यंग समजू नका. कुरिअरने आलेले पहिल्या पंधरवड्यात काही मरणं हेही प्रवासातल्या उन्हामुळे असू शकतं. त्या काळात डबा उपसून उपसून बघू नका.

एक आजार मात्र खरा आहे आणि त्यावर इलाज नाही. करड्या जातीतला एखादाच अचानक निळा-जांभळा चमकू लागला आणि भर उजेडात भटकू लागला, तर ते इरिडोव्हायरस या विषाणूचं लक्षण आहे. पावडर ब्लूचा मुळचा भुरकट निळा रंग वेगळा, तो सगळ्यांवर सारखा असतो. बाधित जनावर लगेच काढा. त्या डब्यातलं काहीही, चिमटासुद्धा, दुसऱ्या डब्यात वापरू नका, आणि त्या वसाहतीतले कुणाला देऊही नका.

विष किंवा सडलेला तळ नसेल, तर मरणं सुरू झाल्यावर एका वेळी एकच बदल करा आणि पुढची कात होईपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, थांबा. पाणी, हवा, माती, खाणं सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही. वसाहत सावरली, सगळ्या मापांची पिल्लं दिसू लागली, की तिच्यातले पंधरा-वीस लहान-मोठे दुसऱ्या डब्यात, शक्यतो दुसऱ्या खोलीत, वेगळे वाढवा. पुन्हा काही झालंच तर बी शिल्लक राहतं. वाढलेले जास्तीचे पाळणाऱ्या ओळखीच्यांना द्या. बागेत किंवा टेकडीवर सोडून देऊ नका, कारण यातल्या कित्येक जाती इथल्या नाहीत.